जुन्या कपड्यांच्या वस्तू करणं: यामागचा इतिहास

गोधडी, पायपुसणं, पिशवी कशी शिवायची ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे ते सोडून देते. मुद्दा असा की कापड हातमागावर विणलं जायचं तेव्हा ते इतकं महाग पडायचं की टाकून द्यायचा प्रश्नच नव्हता. बंगालमधली कांथा, म्हणजे तिथली गोधडी, विरलेल्या साड्या-धोतरांचे थर धावदोऱ्याने जोडून व्हायची आणि दोरासुद्धा बऱ्याचदा जुन्या साडीच्या काठातून काढलेला असायचा. उत्तर जपानच्या थंडीत कापूस पिकत नाही, म्हणून तिथे ठिगळावर ठिगळ लावून एकच कपडा पुढच्या पिढीकडे जायचा. अगदी चिंध्या झाल्या तरी युरोपात त्यांचा कागद व्हायचा, लाकडाच्या लगद्याचा कागद तर १९व्या शतकातला. १८१३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या बॅटलीत जुनी लोकर पिंजून परत सूत काढायची पद्धत निघाली आणि चिंध्यांचा मोठा धंदाच उभा राहिला.

अमेरिकेत १९३०च्या दशकातल्या मंदीच्या काळात पीठ आणि कोंबडीखाद्य सुती पोत्यांमधून यायचं. बायका त्यांचे फ्रॉक शिवतात हे कळल्यावर पोती बनवणाऱ्यांनी त्यावर फुलाफुलांची डिझाइन छापायला सुरुवात केली, कंपनीचं नाव धुतल्यावर निघून जाईल अशा शाईत. नंतर कागदी पोती आली आणि ते संपलं.

पण आज आपण ज्याला या विषयाचा सुवर्णकाळ म्हणतो तो ब्रिटनमधला, दुसऱ्या महायुद्धातला, आणि त्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं कारण तो फार गोड करून सांगितला जातो. १ जून १९४१ ला कपड्यांवर रेशनिंग आलं, म्हणजे कपडा घेताना पैशांबरोबर कूपनही द्यावी लागायची. सुरुवातीला माणशी वर्षाला ६६ कूपन, पुरुषाच्या पूर्ण सुटाला २६, बाईच्या लोकरी ड्रेसला ११. पुढे कूपन कमी कमी होत गेली. १९४३ मध्ये सरकारने आहे त्यात भागवा, दुरुस्त करून वापरा अशी मोहीम काढली, पुस्तिका वाटल्या, शिवणाचे वर्ग भरवले. त्यातल्या युक्त्या खरंच कामाच्या होत्या. चादर नेहमी मधोमध विरते आणि कडेला चांगली राहते, म्हणून ती मधून उभी फाडायची, दोन्ही बाहेरच्या कडा एकमेकींना जोडून मध्यभागी घ्यायच्या, विरलेला भाग कडेला गेला की तो दुमडून शिवून टाकायचा. झाली परत काही वर्षांची सोय. कोट उसवून कापडाची आतली बाजू बाहेर घेऊन परत शिवायचे, नवऱ्याच्या सुटातून बायकोचा सूट निघायचा.

वादाचा मुद्दा कूपनच्या हिशोबाचा. कूपन कपड्याच्या प्रकारावर लागायची, किमतीवर नाही. म्हणजे स्वस्तातला कोट आणि दहा वर्षं टिकणारा महागडा कोट, दोन्हीला सारखीच कूपन. कागदावर हे अगदी समान वाटपच, आणि सगळ्यांना थोडंतरी मिळालं हेही खरं. पण ज्यांच्या कपाटात आधीच उत्तम लोकरीचे सूट होते त्यांच्याकडे उसवायला काहीतरी होतं, ज्यांच्याकडे आधीच ठिगळं लावलेलं होतं त्यांना दुरुस्तीचे धडे देऊन काय मिळणार होतं? त्या बायका तेच तर आयुष्यभर करत आल्या होत्या, आता वर कारखान्यातली पाळी संपवून रात्री रफू करायचं. १९४२ पासून दर आणि दर्जा ठरवून दिलेले कपडे बाजारात आले, त्याने फरक पडला, माझ्या मते पुस्तिकांपेक्षा जास्तच. याच काटकसरीत पुरुषांच्या पँटला खाली फोल्ड ठेवायला बंदी आली, आणि लोकांनी लांब पँट घेऊन घरी फोल्ड घातले, शेवटी १९४४ मध्ये ती बंदी उठवावी लागली. रेशनिंग मात्र मार्च १९४९ पर्यंत चाललं.

त्यानंतर पॉलिस्टर आलं, तयार कपडे स्वस्त झाले आणि दुरुस्ती म्हणजे गरिबी असं समीकरण बसलं. ७०च्या दशकात जीन्सला मुद्दाम ठिगळं लावायची फॅशन आली तेव्हा हे काम गरज नसतानाही, हौसेने व्हायला लागलं. इंटरनेट आल्यावर टीशर्टच्या दोऱ्याचं पेव फुटलं: टीशर्टची बगलेखालची नळी गोल गोल दोनेक सेंटिमीटर रुंदीने अखंड कापत जायची आणि पट्टी ओढायची, कडा आपोआप आत वळतात आणि जाड दोरा तयार होतो, त्याची क्रोशाने टोपली किंवा चटई करता येते.

अडचण अशी की हे जमतं ते चांगल्या सुती होजियरीचं. आताच्या कपड्यात सुतात पॉलिस्टर मिसळलेलं असतं, वर ताणायला इलास्टेन, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा कृत्रिम धागा. असलं कापड पाणी धड शोषत नाही म्हणून पुसायला नको, जोडताना शिवण गोळा होते, आणि पिंजून परत सूत काढायचं तर धागे वेगळे करणं अवघड. युरोपियन युनियनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून जुने कपडे वेगळे गोळा करणं देशांना बंधनकारक झालंय आणि फ्रान्समध्ये २०२३ पासून कपडे दुरुस्तीच्या बिलात सूट मिळते. दोन्ही चांगलंच आहे, पण गोळा झालेल्या ढिगात काय आहे ते कपडा शिवला जातो तेव्हाच ठरलेलं असतं, आणि तिथे अजून फारसं कुणी हात घातलेला नाही.