क्यूबमधली हायरार्की आणि ‘पॅरेंट-चाइल्ड’चं जुनं दुखणं

बहुमितीय विश्लेषणाची, म्हणजे एकच आकडा काळ, जागा, वस्तू अशा अनेक अंगांनी बघण्याची, साधनं १९७०च्या दशकापासून होती (अशा आकड्यांचा साठा म्हणजे क्यूब), पण ‘ओलॅप’ हे नाव रुळलं ते १९९३मध्ये, बारा नियमांच्या एका टिपणामुळे. हे टिपण एका विक्रेत्याने पैसे देऊन लिहून घेतलं होतं आणि त्याचंच उत्पादन त्या नियमांत चपखल बसत होतं. त्यावर टीका व्हायची ती झालीच. डायमेन्शन (बघण्याची अंगं) आणि बेरजेच्या पातळ्या कितीही असू देत, असं शेवटचा नियम सांगतो. त्या पातळ्या एकमेकींना जोडायच्या कशा, म्हणजे हायरार्की (उतरंड) कशी रचायची, हे मात्र ज्याने त्याने आपापलं ठरवलं.

त्यातून दोन घराणी पडली. एसबेस या ओलॅप उत्पादनाच्या आउटलाइनमध्ये (आराखड्यात) प्रत्येक मेंबरला, म्हणजे नोंदीला, पालक असतो आणि त्याच्यापुढे बेरीज, वजाबाकी किंवा ‘मोजू नका’ अशी खूण असते. खात्यांचा तक्ता असाच चालतो, त्यामुळे हिशेबाच्या लोकांना ते लगेच पटलं. दुसरीकडे स्टार स्कीमावाल्यांची (मधे आकड्यांचं टेबल आणि भोवती डायमेन्शनची टेबलं मांडणाऱ्यांची) हायरार्की म्हणजे टेबलातले शेजारचे कॉलम: वर्ष, तिमाही, महिना. पातळ्या ठरलेल्या, खोली सगळीकडे सारखी.

अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेस या मायक्रोसॉफ्टच्या ओलॅप सर्व्हरच्या २०००च्या आवृत्तीने ‘पॅरेंट-चाइल्ड’ डायमेन्शन आणून दोन्ही एका छताखाली घेतलं. टेबलात कर्मचाऱ्याची की (त्याची नोंद ओळखणारा क्रमांक) आणि त्याच्या साहेबाची की एवढे दोन कॉलम असले की झालं. खोली इंजिन स्वतः शोधतं. डेमोत हे फार देखणं दिसायचं. माझ्या मते पुढच्या निम्म्या कटकटींचं मूळ इथेच आहे.

अशा हायरार्कीत ॲग्रिगेशन (आधीच करून ठेवलेल्या बेरजा) बांधली जातात ती फक्त की-ॲट्रिब्यूटवर (एकेका कर्मचाऱ्याच्या पातळीवर) आणि सगळ्यात वरच्या ‘ऑल’ पातळीवर. मधल्या साहेबांची बेरीज दरवेळी क्वेरी चालतानाच होते. काहीशे मेंबर असतील तर कळतही नाही; काही लाख झाले की वापरणारा पडद्याकडे बघत बसतो. शिवाय एका डायमेन्शनमध्ये अशी हायरार्की एकच. साहेबाच्या स्वतःच्या नावावर विक्री असेल तर ती ‘डेटा मेंबर’ म्हणून त्याच्याच खाली, त्याच्याच नावाने येते. तो लपवला, तर दिसणाऱ्या मुलांची बेरीज पालकाशी जुळत नाही आणि ‘क्यूब चुकतोय’ अशी तक्रार येते.

इतिहास जपायचा असेल तर आणखी गुंता. टाइप-२ पद्धतीत (जुनी नोंद तशीच ठेवून बदलासाठी नवी नोंद करायची) वरच्या साहेबाची एक नोंद बदलली की त्याला नवी सरोगेट की (कृत्रिम क्रमांक) मिळते. मग हाताखालच्यांच्या नोंदींतली पालक-की बदलायला हवी, म्हणजे त्यांनाही नव्या नोंदी, आणि हे थेट शेवटच्या माणसापर्यंत. एका बढतीपायी सगळी शाखा नव्याने लिहायची.

दुसरी बाजूही मांडायला हवी: ज्या तक्त्याची खोली दर वर्षी बदलते, त्याला ठरावीक कॉलममध्ये कोंबणं हीसुद्धा कसरतच. खर्च वजा आणि उत्पन्न अधिक ठरवणाऱ्या युनरी ऑपरेटरसाठी तर ही सोय सोडवत नाही.

२००५मध्ये पाया बदलला. प्रत्येक ॲट्रिब्यूटची आपली हायरार्की आली आणि पातळ्यांमधलं नातं वेगळं सांगावं लागू लागलं. महिन्याची की नुसती १ ते १२ ठेवून तो वर्षाच्या खाली जोडला, की प्रोसेसिंगमध्ये ‘डुप्लिकेट ॲट्रिब्यूट की’ची एरर येऊ शकते. की वर्ष आणि महिना मिळून करायची. २००८मध्ये या नात्यांसाठी डिझायनरमध्ये स्वतंत्र टॅब आला, तेव्हा कुठे लोक ती नीट भरू लागले.

२०१२मध्ये टॅब्युलर (क्यूबऐवजी टेबलांवर चालणारं) इंजिन सर्व्हरवर आलं, ते पॅरेंट-चाइल्डविना. आता डॅक्स या त्याच्या सूत्रभाषेतल्या ‘पाथ’ फंक्शनने वंशावळ काढायची, ‘पाथ-आयटम’ने एकेका पातळीचा कॉलम पाडायचा आणि त्या कॉलमांची साधी हायरार्की करायची. म्हणजे जिंकलं शेवटी स्टार स्कीमावाल्यांचं घराणं. ज्या फांद्या आखूड, त्यांच्या खालच्या पातळ्या रिकाम्या दिसतात. त्या लपवण्याची सोय यायला २०१७ची आवृत्ती उजाडावी लागली. युनरी ऑपरेटर परतले नाहीत, खर्चाचं चिन्ह मेजरमध्ये (आकडा काढणाऱ्या सूत्रात) हाताने लिहावं लागतं.