पार्श्वभूमी : सांडलेलं रसायन पुसलं, पुढे काय?

रसायन सांडलं तर ते टिपायला वापरलेली वाळू, चिंध्या, हातमोजे, फरशी धुतलेलं पाणी, हे सगळं त्या रसायनाइतकंच घातक धरायचं आणि लेबल लावून वेगळ्या पिंपात ठेवायचं. हा नियम आज प्राथमिक मानला जातो. पण विसाव्या शतकात बराच काळ उद्योगांची रीत याच्या उलट होती. नको असलेलं रसायन जमिनीत पुरलं किंवा पाण्यात सोडलं की विषय संपला, असं समजलं जायचं.

जपानमधल्या मिनामाता इथे कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा समुद्रातल्या माशांत आणि माशांतून माणसांत गेला. आजाराची अधिकृत नोंद १९५६ची. सांडपाणी सोडणं थांबलं १९६८ मध्ये. मधली बारा वर्षं माणसं मरत होती, अपंग होत होती.

अमेरिकेत नायगारा फॉल्सजवळ लव्ह कॅनाल नावाचा अर्धवट खोदलेला कालवा होता. हुकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २० हजार टन रासायनिक कचरा टाकला, वर मातीचा थर दिला आणि ती जमीन एका डॉलरला स्थानिक शिक्षण मंडळाला विकली. खाली रसायनं पुरली आहेत, हे खरेदीखतात लिहिलेलं होतं. तरीही तिथे शाळा झाली, भोवती घरं उठली. सत्तरच्या दशकात घरांच्या तळघरांत रसायनं झिरपू लागली आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. जुन्या विषारी जागांच्या सफाईचा खर्च जबाबदार कंपन्यांकडून वसूल करणारा ‘सुपरफंड’ कायदा १९८०चा. तो याच प्रकरणातून आला.

या इतिहासातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं प्रकरण मात्र इटलीतलं आहे. १० जुलै १९७६ रोजी सेवेसोजवळच्या रसायनांच्या कारखान्यातून डायॉक्सिन या अतिविषारी रसायनाचा ढग बाहेर पडला. ती दुर्घटना सर्वांना माहीत आहे. तिच्या सफाईची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. रिॲक्टरमधला, म्हणजे रसायन बनवायच्या मोठ्या भांड्यातला, विषारी गाळ ४१ पिंपांत भरला गेला. १९८२ मध्ये ती पिंपं विल्हेवाटीसाठी इटलीबाहेर पडली आणि चक्क बेपत्ता झाली! कित्येक महिने शोध चालला. शेवटी १९८३ मध्ये ती उत्तर फ्रान्समधल्या एका बंद पडलेल्या कत्तलखान्यात सापडली आणि नंतर स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात जाळण्यात आली. म्हणजे सफाई नीट होऊनही विष पुन्हा मोकाटच सुटलं होतं, कारण पिंप दाराबाहेर गेल्यावर त्याची जबाबदारी कोणाची, हे पक्कं नव्हतं. घातक कचऱ्याच्या प्रत्येक फेरीसोबत पाठवणारा, वाहतूकदार आणि स्वीकारणारा या तिघांच्या सह्यांचा कागद का लागतो, ते या ४१ पिंपांकडे पाहिलं की कळतं. देशादेशांतल्या अशा वाहतुकीवर बंधनं घालणारा करार १९८९ मध्ये झाला, तोही बाझलमध्येच.

त्याच बाझलजवळ १ नोव्हेंबर १९८६ रोजी सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझली, पण विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाइन नदीत उतरलं. नदी लाल झाली, शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. तेवढं पाणी अडवायला जागाच नव्हती. रसायनांच्या गोदामाभोवती बंधारा आणि आगीचं पाणी साठवायला हौद हवा, हा आग्रह त्यानंतर वाढला.

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या टाकी क्रमांक ६१० मधल्या मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनात पाणी शिरलं आणि वायू वस्तीवर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद होती, वायू जाळणारी फ्लेअरही जोडलेली नव्हती. आत साठा कसला आणि त्यावर उपाय काय, हे ना वस्तीला ठाऊक होतं ना डॉक्टरांना. १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि १९८९चे घातक रसायनं व घातक कचऱ्याचे नियम त्यानंतर आले.

माहिती न देणं हाही गुन्हाच आहे, ही जाण जगभर रुजायला आणखी वेळ लागला. लाल चौकटीतली धोकाचिन्हं आणि सोळा भागांचं सुरक्षा माहितीपत्रक ठरवणारी संयुक्त राष्ट्रांची पद्धत प्रसिद्ध झाली २००३ मध्ये. त्यातला सहावा भाग सांडल्यावर काय करायचं ते सांगतो, तेरावा विल्हेवाटीचा. हे दोन्ही भाग आधी वाचून ठेवायचे असतात. तीव्र नायट्रिक ॲसिड सांडल्यावर घाईत लाकडाचा भुसा टाकला तर तोच पेट घेऊ शकतो.

भोपाळच्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन कचरा पीथमपूरला नेऊन जाळला गेला तो २०२५ मध्ये, दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी. जाळताना चुना मिसळावा लागल्याने मागे उरलेली राख मूळ कचऱ्याहून वजनाने जास्त भरली, आणि तिच्याही विल्हेवाटीचा प्रश्न उभा राहिला.