योम किप्पुर

योम किप्पुर, म्हणजे ‘प्रायश्चित्ताचा दिवस’, हा यहुदी धर्मातील सर्वांत पवित्र दिवस असून तो हिब्रू पंचांगातील तिश्री महिन्याच्या १० तारखेला, साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, येतो. रोश हशाना या नववर्षदिनापासून चालणाऱ्या आत्मपरीक्षणाच्या दहा दिवसांची सांगता त्याने होते.

जेरुसलेमचे मंदिर उभे होते तोवर प्रायश्चित्ताचा विधी महायाजक करी. वर्षातून याच एका दिवशी तो गर्भगृहात जाई. दोन बोकडांवर चिठ्ठ्या टाकून एकाचा बळी दिला जाई आणि दुसऱ्याच्या माथी लोकांची पापे घालून त्याला रानात सोडले जाई. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केल्यावर बळीची जागा उपवासाने व प्रार्थनेने घेतली.

हा उपवास निर्जळी असून सुमारे २५ तास चालतो. मात्र जिवाला धोका असल्यास तो मोडणे हेच कर्तव्य ठरते. स्नान, तैलमर्दन, शरीरसंबंध आणि चामड्याची पादत्राणे वर्ज्य असल्यामुळे शुभ्र पोशाखातील माणसांच्या पायांत त्या दिवशी कापडी बूट किंवा रबरी चपला दिसतात. उपवास सुरू होतानाच्या संध्याकाळी म्हटले जाणारे ‘कोल निद्रे’ ही खरे तर प्रार्थना नव्हे, तर देवापाशी केलेल्या नवसांतून व शपथांतून मुक्त करणारा अरमाइक भाषेतील मसुदा आहे. पापांची कबुली हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने, प्रत्येक शब्दागणिक छातीवर मूठ टेकवत दिली जाते आणि ती ‘मी’ नव्हे, ‘आम्ही’ अशी असते. तरीही माणसाने माणसाचा केलेला अपराध या दिवसाने धुतला जात नाही. दुखावलेल्याची समजूत आधी काढावी लागते, असे मिश्ना हा धर्मग्रंथ बजावतो. दिवसाअखेरच्या ‘नेइला’ या प्रार्थनेच्या नावातच दारे मिटण्याचा अर्थ आहे. ती संपताच शोफार हे शिंग फुंकले जाते.

कोकणातील बेने इस्रायल समाजात या दिवसाला ‘दारफळणीचा सण’ म्हणत. पांढरी वस्त्रे नेसून, दारे लावून दिवस घरातच काढण्याच्या जुन्या रिवाजावरून हे नाव पडले. नेइलाच्या अर्थाशी त्याचा जुळलेला मेळ मात्र लक्षणीय आहे. दुसरा दिवस ‘शिळा सण’: त्या दिवशी दारे उघडत, गोरगरिबांना दानधर्म होई आणि लोक एकमेकांच्या भेटीला बाहेर पडत.