पुण्यतिथी संघटनेची, दाखला नातेवाइकांचा: मागे राहिलेल्या जोडीदाराच्या हक्काची पार्श्वभूमी

समलिंगी चळवळीतल्या एखाद्या नेत्याचा स्मृतिदिन असला की त्याच्या जोडीदाराला व्यासपीठावर बोलावतात, दोन शब्द बोलायची विनंती करतात. यात आज कुणाला वावगं वाटत नाही. चाळीस वर्षांपूर्वी हाच जोडीदार अंत्यविधीला मागच्या रांगेत ‘मित्र’ म्हणून उभा असे, तोही घरच्यांनी येऊ दिलं तर. हा बदल भाषणांनी कमी आणि भाड्याच्या, कराच्या, दाखल्याच्या कटकटींमुळे जास्त झाला, हे सहसा सांगितलं जात नाही.

जुनी उदाहरणं आहेत, पण विरळ. केंब्रिजमधल्या एका कॉलेजच्या चॅपेलमध्ये 1680च्या दशकात गेलेल्या दोन डॉक्टरांचं जोडस्मारक आहे. एक आधी कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये वारला, दुसऱ्याने त्याचा देह इंग्लंडला आणवला आणि पुढच्याच वर्षी तोही गेला. दोघांचं नातं नेमकं काय होतं यावर अभ्यासक अजून भांडतात. आपल्या विषयाचा धागा खऱ्या अर्थाने सुरू होतो तो 27 नोव्हेंबर 1978 रोजी. त्या दिवशी कॅलिफोर्नियात निवडून आलेल्या पहिल्या उघडपणे समलिंगी नेत्याची सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये महापौरांबरोबर गोळ्या घालून हत्या झाली. त्याच संध्याकाळी हजारो लोक मेणबत्त्या घेऊन चालत गेले आणि पुढे दरवर्षी जाऊ लागले. नेता समाजाचा झाला तो असा.

1985च्या मोर्चात आयोजकांनी लोकांना पुठ्ठ्यांवर एड्सने गेलेल्यांची नावं लिहायला सांगितली. एकट्या त्या शहरात तोवर हजाराहून जास्त माणसं गेली होती. मोर्च्याच्या शेवटी ते पुठ्ठे सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले, तर दुरून गोधडीसारखं दिसू लागलं. पुढची स्मृती-गोधडी तिथून निघाली. तिचा प्रत्येक तुकडा 3 फूट बाय 6 फूट, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा. मापामागे कारण होतं: कित्येकांचे देह ताब्यात घ्यायला घरचे तयार नव्हते आणि अंत्यविधी करणाऱ्या अनेक संस्थाही नकार देत होत्या. 11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टनच्या हिरवळीवर ती पहिल्यांदा अंथरली तेव्हा 1,920 तुकडे होते. आज पन्नास हजारांच्या आसपास आहेत.

या तुकड्यांकडे जवळून पाहिलं तर पुढच्या सगळ्या वादाचं मूळ दिसतं. जीन्स, शर्ट, टेडी बेअर, पत्रं, जे हाताला लागलं ते शिवलेलं आहे. काहींवर फक्त पहिलं नाव आहे, आडनाव नाही. काही माणसांच्या नावाने एकाहून जास्त तुकडे आहेत, म्हणजे एकाच मृताची आठवण वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळी शिवलेली. शिवणाऱ्याला तिथे नातं सिद्ध करावं लागत नव्हतं. सरकारदरबारी मात्र ते सिद्ध करावंच लागे. त्यातून आलेल्या रागाचं टोक 11 ऑक्टोबर 1992 रोजी दिसलं. त्या दिवशी आपल्या माणसांची राख घेऊन लोक व्हाइट हाउसपर्यंत गेले आणि कुंपणावरून ती हिरवळीवर टाकली.

आता त्या निकालाकडे येऊ, ज्याच्याशिवाय ही पार्श्वभूमी अर्धवट राहील. न्यूयॉर्कमध्ये दोन पुरुष 1975 पासून भाडेनियंत्रणाखालच्या एका फ्लॅटमध्ये एकत्र राहत होते. करार एकाच्या नावावर होता. 1986च्या सप्टेंबरमध्ये तो वारला आणि मालकाने दुसऱ्याला घर सोडायची नोटीस बजावली. नियमात लिहिलं होतं की भाडेकरू मेला तर त्याच्या हयात जोडीदाराला, म्हणजे लग्नाच्या नवऱ्याला किंवा बायकोला, अथवा बरोबर राहणाऱ्या ‘कुटुंबातल्या अन्य व्यक्तीला’ बाहेर काढता येणार नाही. मग हा माणूस कुटुंबातला होता का? मुंबईकर वाचकाला हा प्रश्न नव्याने समजावण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यातही मृत भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला असंच संरक्षण आहे आणि ‘कुटुंबीय कोण’ यावर आपल्याकडची कोर्टं कमी शिणलेली नाहीत.

6 जुलै 1989 रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन अशा मतांनी मागे राहिलेल्याच्या बाजूने कौल दिला. लग्नाचा दाखला किंवा दत्तकपत्र नसलं म्हणून कुटुंब नाही असं म्हणता येणार नाही, नातं प्रत्यक्षात कसं जगलं गेलं ते बघा, असं त्यात म्हटलं होतं. त्यासाठी कसोट्याही दिल्या: नातं किती वर्षांचं, किती एकनिष्ठ, एकमेकांत भावनिक आणि आर्थिक गुंतवणूक किती, चारचौघांत दोघं कसे वावरत, रोजच्या गरजांना एकमेकांवर किती विसंबत. या दोघांची बँक खाती एकत्र होती, क्रेडिट कार्डं एकत्र होती, लॉकर एकत्र होता, विम्यावर याचं नाव होतं. मृताची भाची याला काका मानत होती, याचीही निकालात नोंद आहे. इतक्या कोरड्या कागदात तेवढंच एक वाक्य माणसांचं वाटतं.

या निकालाचं कौतुक अजून होतं, आणि ते रास्तच आहे. पण त्याची दुसरी बाजू चळवळीच्या इतिहासांत दोन ओळींत उरकली जाते, ते मला पटत नाही. लग्न झालेल्या बाईला नवरा गेल्यावर ‘तुम्ही चारचौघांत जोडपं म्हणून वावरत होता का’ असं कुणी विचारत नाही. तिचं नवऱ्याशी वर्षानुवर्षं पटत नसलं तरी ती वारसच. इथे मात्र दुःखाबरोबर बँकेची पासबुकं दाखवावी लागली. ज्यांची खाती एकत्र नव्हती, ज्यांनी नोकरी जाईल किंवा घरच्यांना कळेल या भीतीने सगळं लपवलं होतं, त्यांच्या हाती काय? सार्वजनिक जीवनातल्या माणसाच्या जोडीदाराची तर आणखी पंचाईत. नेता व्यासपीठावर उघड, आणि त्याच्याबरोबर राहणारा स्वतःच्या नोकरीपायी अंधारात, अशा घरांत पुरावा जमायचा कसा? असहमत न्यायाधीशांचं म्हणणं वेगळं होतं: व्याख्या इतकी सैल करणं विधिमंडळाचं काम, कोर्टाचं नाही. व्याख्या किती मर्यादित होती ते दोनच वर्षांत कळलं. 1991 मध्ये त्याच न्यायालयाने मुलाला दोघींनी मिळून वाढवलं असतानाही, वेगळं झाल्यावर त्याची जन्मदात्री नसलेल्या जोडीदाराला भेटीचा हक्क नाकारला. घरापुरतं कुटुंब, मुलापुरतं नाही.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न दोन पायऱ्यांत सुटला. एका गृहस्थाने अपघाताने विकलांग झालेल्या जोडीदाराची आठ वर्षं रात्रंदिवस शुश्रूषा केली होती. 1999 मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने त्याला ‘कुटुंबातला’ म्हटलं, ‘पती-पत्नीसारखा’ म्हणायचं टाळलं. तेही 2004 मध्ये दुसऱ्या खटल्यात मान्य झालं.

अमेरिकेत पुढची ठिणगी करातून पडली. बायको गेल्यावर न्यूयॉर्कच्या एका वृद्धेला 3,63,053 डॉलरचा वारसा कर भरावा लागला, कारण केंद्र सरकार त्यांचं लग्न मानत नव्हतं. 26 जून 2013 रोजी ती जिंकली. दोनच आठवड्यांनी ओहायोतला एक मरणासन्न माणूस वैद्यकीय विमानाने मेरीलँडला गेला, धावपट्टीवरच विमानात लग्न लावलं आणि माघारी आला. त्याची मागणी एवढीच की मृत्यूच्या दाखल्यात ‘हयात जोडीदार’ या रकान्यात नवऱ्याचं नाव यावं. त्यामागे आणखी एक कारण होतं. त्याच्या घराण्याच्या दफनभूमीत वंशज आणि लग्नाचे जोडीदार यांनाच जागा होती आणि पुढेमागे नवरा आपल्या शेजारी असावा अशी त्याची इच्छा होती. तो ऑक्टोबरमध्ये गेला. रकान्याचा खटला वर चढत गेला आणि 26 जून 2015 रोजी देशभर लग्नाचा हक्क देऊन संपला.

आपल्याकडे सप्टेंबर 2018 मध्ये समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. 17 ऑक्टोबर 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने लग्नाचा हक्क नाकारला आणि अडचणी सोडवायचं काम सरकारी समितीवर सोपवलं. फेरविचार याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या. मधल्या काळात, ऑगस्ट 2024 मध्ये, दोन कागद निघाले. एकाने स्पष्ट केलं की संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कसलीही मनाई नाही. हे सोयीचं आहे, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हाती येतात, वारसांचा दावा मात्र तसाच राहतो. दुसरा कागद म्हणजे आरोग्य खात्याचं राज्यांना गेलेलं पत्र. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा यासाठी व्यवस्था करा, असं त्यात सांगितलं आहे. नातेवाईक उपलब्ध असतील, आणि वीस वर्षांत एकदाही न फिरकलेले असले तरी दवाखान्यात वेळेवर पोचले असतील, तर कुणाचा क्रम आधी, यावर ते पत्र काहीच बोलत नाही.