शस्त्रक्रियापूर्व श्रमक्षमता तपासणी

मोठ्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे शरीर किती श्रम पेलू शकते, याचा अंदाज घेण्याची पद्धत. पोटाच्या किंवा छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस शरीराला एरवीपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो. तो पुरवण्याची ताकद हृदय, फुफ्फुसे आणि स्नायूंत नसेल, तर शस्त्रक्रिया नीट पार पडूनही रुग्ण नंतर खालावतो. पडून काढलेल्या ईसीजीत ही ताकद दिसत नाही.

मोजण्याचे एकक 'मेट'. स्वस्थ बसलेल्या माणसाला दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिली ऑक्सिजन लागतो, तो १ मेट. न थांबता दोन मजले चढायला साधारण ४ मेट लागतात. म्हणूनच भूलतज्ज्ञ विचारतात, "जिना चढताना दम लागतो का?" प्रश्न सोपा आहे, पण उत्तर फसवे. तळमजल्यावर राहणारे आजोबा "छे, अजिबात नाही" म्हणतात, कारण वर्षभरात ते जिना चढलेलेच नसतात. गुडघे धरलेल्या आजी चौथ्या पायरीवर थांबतात. त्यांना गुडघा थांबवतो आणि हृदयाची परीक्षा राहूनच जाते. शेवटचा जिना कधी चढलात, मध्ये कुठे थांबलात आणि कशामुळे, हे विचारल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ नाही.

नुसत्या अंदाजावर विसंबू नये, हे २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने स्पष्ट केले. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील १,४०१ रुग्ण त्यात होते. ज्यांची क्षमता ४ मेटहून कमी होती, त्यांतले जेमतेम १९ टक्के डॉक्टरांच्या अंदाजाने ओळखू आले. त्याहून उपयोगी ठरली १९८९ साली तयार झालेली ड्यूक प्रश्नावली. तिचे बारा प्रश्न रोजच्या हालचालींवर आहेत. मात्र त्यांत गोल्फ, बोलिंग, स्कीइंगही येते. आपल्याकडे तिथे फरशी पुसणे, पाण्याचा हंडा उचलणे, शेतातली कामे विचारली, तरच रुग्णाला काही सांगता येते.

सर्वांत बारकाईची चाचणी सायकलवर होते. तोंडाला मास्क लावून रुग्ण पेडल मारतो, भार वाढत जातो आणि श्वासातला ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. पॉल ओल्डर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली ऑस्ट्रेलियातून १८७ वृद्ध रुग्णांची निरीक्षणे मांडली. स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडू लागण्याचा उंबरठा दर किलोमागे मिनिटाला ११ मिलीच्या खाली असलेल्यांपैकी १८ टक्के हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावले. बाकीच्यांत हे प्रमाण ०.८ टक्के होते. आजही ११ मिलीचा हा आकडा पुष्कळ ठिकाणी आधाराला घेतात.

हे यंत्र नसेल तर ३० मीटरच्या कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटे चालवून अंतर मोजतात. फुफ्फुसाचा भाग काढण्याआधी जिना चढवून पाहण्याची रीतही आहे.

क्षमता कमी आढळली म्हणजे शस्त्रक्रिया नाकारली, असे नव्हे. रुग्णाला आणि घरच्यांना हे आवर्जून सांगायला हवे. हाती काही आठवडे असतील तर चालणे, श्वासाचे व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, रक्तक्षयावर उपचार सुरू करतात. शस्त्रक्रियेनंतरची रात्र वॉर्डात काढायची की आयसीयूत, हेही आधीच ठरते.