लस येण्याआधीच ठरलेली रांग

कोविड-१९ वरील लस २०२० च्या डिसेंबरात लोकांना टोचली जाऊ लागली. पण ती आधी कोणाला मिळणार, हे त्यापूर्वीच ठरून गेले होते. चाचण्या चालू असतानाच श्रीमंत देशांनी कंपन्यांशी आगाऊ खरेदीचे करार केले होते आणि कॅनडासारख्या देशाने तर आपल्या लोकसंख्येच्या गरजेच्या कित्येक पट मात्रा राखून ठेवल्या होत्या. कोणती लस यशस्वी ठरेल हे कोणालाच ठाऊक नसताना अनेक ठिकाणी नोंदणी करणे त्या सरकारांच्या दृष्टीने शहाणपणाचे होते, हे मान्य करावे लागेल. मात्र उत्पादनक्षमताच तोकडी असल्याने या खबरदारीची किंमत रांगेत मागे राहिलेल्यांना मोजावी लागली.

याची रंगीत तालीम २००९ मध्येच झाली होती. त्या वर्षीच्या स्वाइन फ्लूच्या लशीचा बराचसा साठा श्रीमंत देशांच्या आगाऊ करारांत अडकला होता आणि ऑस्ट्रेलियातील उत्पादक कंपनीला, अमेरिकेसारखे गिऱ्हाईक समोर असूनही, आधी मायदेशाची गरज भागवावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेने दान म्हणून मिळालेल्या सुमारे ७ कोटी ८० लाख मात्रा ७७ देशांना पोहोचवल्या खऱ्या, पण तोवर साथीचा जोर पुष्कळ ओसरला होता.

तक्रार त्याही आधीची होती. आपण दिलेल्या विषाणूच्या नमुन्यांवरून परदेशी कंपन्या लस बनवतात आणि ती आपल्यालाच परवडत नाही, असे म्हणत इंडोनेशियाने २००७ मध्ये बर्ड फ्लूचे नमुने पाठवणे थांबवले. त्यातून २०११ मध्ये नमुने आणि लाभ यांच्या वाटपाची एक आंतरराष्ट्रीय चौकट उभी राहिली. पण ती केवळ महासाथ घडवू शकणाऱ्या इन्फ्लुएन्झापुरती होती, त्यामुळे करोना विषाणू आला तेव्हा तिचा उपयोग झाला नाही.

पेटंटचा वाद एड्सच्या औषधांपासून चालत आलेला आहे. रुग्णामागे वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्चाचे उपचार सिप्ला या भारतीय औषध कंपनीने २००१ मध्ये ३५० डॉलरला देऊ केले आणि त्याच वर्षी दोहा येथे, बौद्धिक संपदेचे नियम सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नयेत, अशी भूमिका जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांनी घेतली. त्याच धाग्याने भारत व दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडच्या लशी, औषधे आणि चाचण्यांवरील पेटंटचे व इतर हक्क तात्पुरते शिथिल करण्याचा प्रस्ताव मांडला. निर्णय व्हायला जून २०२२ उजाडले आणि हाती आली ती लशींपुरती, पेटंटपुरती मर्यादित सवलत. एमआरएनए लस (विषाणूचा एक अंश बनवण्याची सूचना शरीराच्या पेशींना देणारी नव्या प्रकारची लस) बनवण्यास पेटंटच्या कागदापेक्षा उत्पादनाचे तंत्रज्ञान आणि अनुभव अधिक लागतो, हा आक्षेप निराधार नव्हता. पण ते ज्ञान देण्याची सक्तीही कोणी केली नाही.

दरम्यान, सर्वांसाठी सामायिक खरेदी करणारी 'कोव्हॅक्स' योजना एप्रिल २०२० मध्ये जाहीर झालेल्या व्यापक उपक्रमातून उभी राहिली होती. २०२१ अखेरपर्यंत दोन अब्ज मात्रांचे तिचे उद्दिष्ट होते. श्रीमंत देशांनी तिला पैसे दिले आणि स्वतःचे स्वतंत्र सौदेही केले, त्यामुळे कंपन्यांच्या दारात ती मागेच राहिली. १८ जानेवारी २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी सांगितले, की ४९ श्रीमंत देशांत ३ कोटी ९० लाखांहून अधिक मात्रा दिल्या गेल्या असताना एका अतिगरीब देशात अवघ्या २५ मात्रा दिल्या गेल्या होत्या. कोव्हॅक्सची पहिली खेप, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या सहा लाख मात्रांची, २४ फेब्रुवारीला घानाची राजधानी अक्रा येथे उतरली. महिन्याभरात भारतात दुसरी लाट उसळली, निर्यात थांबली आणि एकाच उत्पादकावर मोठी भिस्त ठेवण्याचा धोका उघड झाला. पुढे दानाच्या मात्रा येऊ लागल्या, पण त्यांतल्या अनेकांची मुदत संपत आलेली असे. आधीच मुदत संपून गेलेल्या सुमारे १९,६०० मात्रा मलावीने मे २०२१ मध्ये जाळून टाकल्या.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, महासाथ करार स्वीकारला. सहभागी उत्पादकांनी महासाथीच्या काळातील उत्पादनाचा २० टक्के हिस्सा संघटनेला उपलब्ध करून द्यावा आणि त्यातील किमान निम्मा दान म्हणून द्यावा, असे त्यात उद्दिष्ट आहे. मात्र रोगजंतूंचे नमुने आणि त्यांचे लाभ कसे वाटायचे, हा इंडोनेशियाने उपस्थित केलेलाच मुद्दा वेगळ्या परिशिष्टासाठी राखून ठेवण्यात आला आणि ते परिशिष्ट मंजूर झाल्याशिवाय करार सह्यांसाठी खुला होणार नाही, असे ठरले.