वंशावळ दुरुस्ती (मराठवाडा)

कुटुंबाच्या वंशवृक्षात शिरलेल्या चुका जुन्या नोंदी पडताळून आणि गरज पडल्यास डीएनए चाचणी करून सुधारण्याची पद्धत. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या शोधकर्त्याला मोडीबरोबर उर्दूचीही गाठ पडते. मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी न्या. संदीप शिंदे समितीने 2023 पासून कुणबी नोंदी शोधायला घेतल्यावर ही दप्तरे पुन्हा उघडली गेली.

सर्वांत चिवट घोळ नावांचा. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या रिवाजामुळे ‘विठोबा मारुती’ आणि ‘मारुती विठोबा’ एकाआड एक येत राहतात. उतरवून घेणाऱ्याने एक जोडी गाळली, तर दोन पिढ्या नाहीशा होतात आणि वंशावळ तरीही निर्दोष दिसते. त्याच भावकीत दोन चुलतभावांनी एकाच पूर्वजाचे नाव आपापल्या मुलाला दिलेले असते, ते वेगळेच. लेकीसुनांची नावे तर बहुधा नसतातच.

तारखांचा सापळा कमी ओळखीचा आहे. हैदराबादी फसली सनात (निजामाच्या महसुली कालगणनेच्या वर्षात) 590 मिळवले की इसवी सन येतो. 1320 फसली म्हणजे 1910-11. हाच आकडा हिजरी समजला तर 1902-03 येते. आठ वर्षांच्या या फरकाने थोरला भाऊ धाकटा ठरू शकतो.

पडताळणीसाठी खासरा पाहणी पत्रक (जमीन कोणाच्या नावे, याची जुनी नोंद), वारसाचे फेरफार (जमीन वारसांच्या नावे झाल्याच्या नोंदी), कोतवाल बुकातील जन्म-मृत्यू आणि शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर पाहतात. इनामदार घराण्यांच्या बाबतीत मुंतखबाचाही (निजामकालीन इनामाच्या दाखल्याचाही) उपयोग होतो. हेळवी, म्हणजे पिढीजात वंशावळी सांगणारे, तोंडपाठ वंशावळ सांगतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यजमानाने स्वतः सांगितलेली नावे असतात. अस्थी घेऊन आलेला माणूस बापाचे नाव चुकत नाही, पणजोबांचे चुकू शकतो. म्हणून जवळच्या पिढीची नोंद अधिक विश्वासार्ह धरावी.

डीएनएची पाळी यानंतर येते. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, म्हणून दोन घरे एकाच पुरुषवंशातली आहेत का, हे त्यावरून कळते. पण एका मूळपुरुषाची सगळी भावकी इथे सारखीच दिसते. दोन विठोबांपैकी आपला कोणता, हे ही चाचणी सहसा सांगत नाही. भावकीतूनच घेतलेला दत्तक मुलगाही तिच्यात लपून जातो. मुलीचा मुलगा दत्तक घेतला असेल, तर मात्र फरक दिसण्याची शक्यता मोठी.

दोन विठोबांचा निवाडा लावायचा तर दोन्ही शाखांतल्या वयोवृद्धांची सर्व गुणसूत्रांची चाचणी करून सामाईक डीएनए मोजतात. सख्ख्या चुलत भावंडांत तो सरासरी 850 सेंटीमॉर्गनच्या (सामाईक डीएनए मोजण्याचे एकक) आसपास असतो, त्यांच्या मुलांमध्ये आपसांत 230 आणि त्यापुढच्या पिढीत 75 च्या जवळपास. या शेवटच्या नात्यात सुमारे 10 टक्के जोड्यांत काहीच सामाईक सापडत नाही, म्हणून एका जोडीवरून नाते नाकारू नये. उलट्या बाजूची अडचण मराठवाड्यात जास्त येते. मामाची मुलगी करण्याची चाल असलेल्या घरांत तीच माणसे दोन वाटांनी नातलग असतात. आकडा फुगतो आणि दूरचे नाते जवळचे भासते. आधी सोयरिकी मांडून न घेता नुसता अहवाल वाचणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

पूर्वजाला दोन बायका असतील आणि मुले कोणाची, हा प्रश्न असेल, तर आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए उपयोगी पडतो. त्यासाठी लेकीच्या लेकीकडून उतरलेले वारस शोधावे लागतात. दुसरी बायको पहिलीची सख्खी बहीण असेल, तर ही चाचणीही मुकी.

डीएनएवरून जात सिद्ध होत नाही. खासगी अहवाल दाखवून फेरफारही बदलत नाही. वारसाचा वाद दिवाणी न्यायालयात जातो. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 116 नुसार विवाह टिकून असताना जन्मलेले मूल त्या पतीचेच मानले जाते, त्यामुळे न्यायालये अशा चाचणीचा आदेश सहजी देत नाहीत. दत्तकाची नोंद ही तर चूकच नव्हे. कायद्याने तो त्याच घरचा मुलगा आहे. त्याच्या नावापुढे ‘दत्तक’ असा शेरा मारून जन्मदात्या घराची शाखा तुटक रेषेने जोडावी.